तंबोरा ज्याचा त्याने लावायचा: जुने सीबी रेडिओ समजून घेताना

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींना चाप लावला. संच कोणत्या फ्रीक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीही न सांगता ते सर्रास विकले जात होते. बातमी आली आणि आमच्या सोसायटीच्या बाकावर आठवडाभर तोच विषय. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच. ट्रेकला जाणारी मुलं विचारत, "काका, घेतलेला संच आता टाकून द्यायचा का?" एका शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "अमेरिकेत ट्रकवाले म्हणे बिनपरवान्याचे रेडिओवर बोलतात. ते काय असतं? आणि ते जुने रेडिओ लोक जमवतात तरी कशासाठी?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाकावर बसून पाच मिनिटांत देता येईना. माझा मुलगा ओहायोत असतो आणि त्याच्या गॅरेजच्या फळीवर असाच एक जुना संच मी ठेवलाय. त्या संचावर माझा फार जीव आहे. तो काय करतो आणि मला इतका का आवडतो, हे नीट सांगायचं तर सुरुवातीपासूनच सांगायला हवं.

सीबी म्हणजे कुणाचा रेडिओ?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. पोलिसांचा नाही, विमानांचा नाही, आकाशवाणीचा नाही. सर्वसामान्य नागरिकांना आपसात बोलायला राखून दिलेला लहरींचा पट्टा. दुसरं महायुद्ध संपत असताना अमेरिकेत ही कल्पना पुढे आली. अल ग्रॉस या संशोधकाने १९४८ मध्ये नागरिकांसाठीच्या पहिल्या संचाला सरकारी मान्यता मिळवली, पण ते संच फार उंच फ्रीक्वेन्सीवरचे आणि महाग होते. खरी सुरुवात झाली १९५८ मध्ये. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची २३ चॅनेल लोकांना खुली केली. सेकंदाला २ कोटी ७० लाख कंपनं म्हणजे २७ मेगाहर्ट्झ. या लहरीची लांबी ११ मीटर भरते, म्हणून जाणकार याला '११ मीटर' असंही म्हणतात.

पंधरा वर्षं शेतकरी, दुकानदार, टॅक्सीवाले हे संच वापरत राहिले. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, डिझेल मिळेना, हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. कुठल्या पंपावर तेल आहे, पुढे पोलिसांची गाडी कुठे उभी आहे, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले आणि बघता बघता घराघरात संच आले. प्रत्येकाचं एक टोपणनाव असे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही स्वतःचं टोपणनाव घेतलं होतं, 'फर्स्ट मामा'.

२३ चॅनेलवर गर्दी मावेना म्हणून १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनेल झाली. जुन्या संचांच्या किमती कोसळल्या. १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. आज अमेरिकेत कुणीही सीबी वापरू शकतो, पाहुणा म्हणून आलेला माझ्यासारखा माणूससुद्धा. मनाई आहे ती परकी सरकारं आणि त्यांच्या प्रतिनिधींना.

४० चॅनेलच्या यादीत एक गंमत आहे. फ्रीक्वेन्सी क्रमाने चढत जाते, पण २२ नंतर २४ येतं, मग २५, आणि त्यानंतर २३. जुन्या यादीत २२ आणि २३ यांच्या मध्ये मोकळी जागा होती. नवी दोन चॅनेल तिथे बसवली. जुने क्रमांक मात्र लोकांच्या अंगवळणी पडलेले, ते बदलले नाहीत. वाड्यात मधल्या चौकात दोन नव्या खोल्या काढाव्यात आणि त्यांना पुढचे नंबर द्यावेत, तसंच हे.

आवाज पाठवायच्या तीन तऱ्हा

आता मुख्य मुद्दा. जमवणारे लोक ज्यांच्या मागे असतात, ते संच 'मल्टिमोड', म्हणजे आवाज एकापेक्षा जास्त पद्धतींनी पाठवणारे. या पद्धती तीन: एएम, एफएम आणि एसएसबी. पहिली दोन नावं आपल्या ओळखीची आहेत. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं ते एएम, आणि मोबाइलवर किंवा गाडीत ऐकतो ते एफएम. तिसरी सगळ्यांत सुंदर आहे, आणि ती समजायला गाण्याच्या बैठकीचा आधार घेतो.

बैठकीत तंबोरा एकच सूर धरून असतो. त्यात शब्द नाहीत, बंदिश नाही. पण गायकाचा प्रत्येक स्वर ठरतो तो त्याच्याच आधाराने. रेडिओतही असा एक अखंड सूर असतो, त्याला वाहक लहर म्हणतात. ट्रकवाल्यांचं लाडकं चॅनेल १९ म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झचा अखंड सूर.

एएममध्ये आपण बोलू तशी या वाहक लहरीची ताकद कमीजास्त होते. त्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना, किंचित वर आणि किंचित खाली, आपल्या आवाजाच्या दोन जुळ्या प्रती तयार होतात. या प्रतींना साइडबँड म्हणतात. म्हणजे एएमवाला तंबोराही पाठवतो, गाणंही पाठवतो, आणि गाणं दोनदा पाठवतो. ऐकणाऱ्याला काही करावं लागत नाही. सगळं जुळूनच येतं.

पण खर्च पाहा. सीबीवर एएमची मर्यादा ४ वॅट आहे आणि ती वाहक लहरीची. एखादा स्थिर स्वर पूर्ण जोराने लावला तर एकूण ६ वॅट बाहेर पडतात. त्यातले ४ वॅट तंबोऱ्यात गेले. उरले प्रत्येक प्रतीला एक-एक वॅट. शब्द पोचवायचं सगळं काम त्या एका वॅटचं.

एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड. यात तंबोरा पाठवतच नाहीत. दोन जुळ्या प्रतींपैकी एकही गाळून टाकतात. जाते ती फक्त एक प्रत, वरची किंवा खालची. संचावर त्यासाठी यूएसबी (वरची) आणि एलएसबी (खालची) अशा दोन खुणा असतात. संगणकाच्या यूएसबीशी त्याचा संबंध नाही. कायद्याने इथे १२ वॅटपर्यंत मुभा आहे, आणि ते बारा वॅट सगळेच्या सगळे आवाजाच्या कामी येतात. शिवाय एकाच चॅनेलवर वरच्या अंगाने एक जोडी आणि खालच्या अंगाने दुसरी जोडी बोलू शकते. जुन्या जाहिरातींत '१२० चॅनेल' असं छापलेलं दिसतं ते याच हिशेबाने: ४० एएम, ४० वरची, ४० खालची.

मग अडचण कुठे? तंबोरा आलाच नाही! गाणं आलं, पण षड्ज कुठला ते कळायला मार्ग नाही. म्हणून ऐकणाऱ्याच्या संचात त्याचा स्वतःचा तंबोरा असतो, आणि तो समोरच्याच्या सुराशी आपल्या हाताने जुळवावा लागतो. त्यासाठी संचावर एक बटण असतं, क्लॅरिफायर. तंबोऱ्याला खुंटीने साधारण सूर लावल्यावर जवारीपाशी तारेत ओवलेला मणी सरकवून जसा नेमका सूर गाठतात, तसा क्लॅरिफायर हा या संचाचा मणी. चॅनेल बदलायचं बटण ही खुंटी.

मणी जरा चुकला की समोरचा माणूस बदकासारखा बोलतो. हे असं का होतं, यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक ठिकाणी हे समजावून सांगितलेलं नसतं. माणसाच्या आवाजात एक मूळ स्वर असतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर असतात. समजा मूळ स्वर १५०, तर उपस्वर ३०० आणि ४५०. पट्टी चढवली तर सगळे सारख्या पटीने वाढतात, नातं तेच राहतं, आणि आवाज नुसता उंच वाटतो. क्लॅरिफायर चुकला की मात्र गुणाकार होत नाही, बेरीज होते. १०० ची चूक असेल तर १५० चे २५०, ३०० चे ४०० आणि ४५० चे ५५० होतात. दुप्पट-तिप्पटीचं नातंच तुटतं. म्हणून तो आवाज नुसता उंच होत नाही, माणसाचा राहत नाही. मग तुम्ही बटण केसभर फिरवता आणि त्या बदकातून एकदम कुणीतरी म्हातारबुवा बोलायला लागतात. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नोकरीतली सगळी वर्षं मी हे तत्त्व वापरलं होतं, पण हाताला कधी लागलं नव्हतं.

वापरलं होतं ते असं. आपण सगळे जेव्हा ट्रंक कॉल आणि मग एसटीडीवर बोलत होतो, तेव्हा एका केबलवरून शेकडो संभाषणं एकावर एक रचून पाठवली जात. प्रत्येक संभाषणाला ४ किलोहर्ट्झची जागा, वाहक लहर दाबलेली, एकच साइडबँड. म्हणजे मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या लग्न ठरल्याच्या आणि माणूस गेल्याच्या बातम्या एसएसबीवरच ऐकत आल्या. मणी लावायचं काम तेव्हा एक्सचेंजमधली यंत्रं करत, इतकाच फरक.

एफएमचं थोडक्यात सांगतो. त्यात ताकद स्थिर राहते आणि सूरच आवाजाबरोबर हेलकावे घेतो. गाडीच्या प्लगचा तडतडाट हा ताकदीतला गोंधळ असल्यामुळे एफएमवर तो फारसा ऐकू येत नाही. जवळच्या अंतरावर आवाज स्वच्छ. पण दोघे एकदम बोलले तर जोरकस असेल तोच ऐकू येतो, दुसरा गडप. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ ला सीबी कायदेशीर केला तो फक्त एफएमवर, शेजाऱ्यांच्या टीव्हीला त्रास कमी व्हावा म्हणून. एएम आणि एसएसबीला तिथे परवानगी मिळायला २०१४ उजाडलं. अमेरिकेत उलटं झालं. तिथे एएम आणि एसएसबी आधीपासून होते, एफएमला मंजुरी मिळाली २०२१ मध्ये. म्हणून युरोपातल्या जुन्या संचांवर एफएम हमखास दिसतं आणि अमेरिकन संचांवर दिसत नाही.

जमवणारे नक्की काय जमवतात?

ब्राउनिंगचा गोल्डन ईगल हा न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनिया गावचा, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा संच. त्याचा रिसीव्हर वेगळ्या पेटीत आणि ट्रान्समीटर वेगळ्या पेटीत. काही जण फक्त अशा व्हॉल्व्हच्या पेट्यांमागे असतात. काहींना १९७७ आधीचे २३ चॅनेलवाले आवडतात. त्या काळी प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र क्रिस्टल, म्हणजे एकच ठरावीक सूर धरणारा स्फटिक, लावणं परवडत नसे, म्हणून क्रिस्टलच्या दोन गटांतून एक-एक उचलून जोड्या लावायचे. सहा आणि चार क्रिस्टलांच्या चोवीस जोड्या होतात, त्यातून २३ चॅनेल. डोकं लढवलेलं आहे, दाद द्यावी असं.

सगळ्यांत जास्त मागणी १९८० च्या आसपासच्या आणि नंतरच्या मल्टिमोड संचांना. अमेरिकेत कोब्रा १४८ जीटीएल, त्याचा टेबलावर ठेवायचा भाऊ कोब्रा २००० जीटीएल. नाव शिकागोच्या कंपनीचं, बांधणी जपानच्या युनिडेनची. युरोपात प्रेसिडेंट जॅक्सन, सुपरस्टार ३९००, हॅम इंटरनॅशनलचा जम्बो. यांतले बरेच संच ४० पेक्षा कितीतरी जास्त चॅनेलचे आहेत, आणि ती जास्तीची चॅनेल बहुतेक देशांत बेकायदा आहेत. हा मुद्दा विकणारे सांगत नाहीत. शोभेला ठेवायला हरकत नसेल, पण माइकवरचा बोलायचा खटका दाबण्याआधी त्या देशाचा कायदा वाचावा.

टेबलावरचा एक संच

माझा संच मी ओहायोतल्या झीनिया गावी घेतला. तिथे दर मे महिन्यात हॅमव्हेन्शन नावाचा रेडिओ हौशींचा मोठा मेळा भरतो, आणि त्याच्या मैदानात जुन्या सामानाचा बाजार लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. ताडपत्रीवर मांडलेला एएम-एसएसबी संच, वायरी गुंडाळलेला, "चालतो की नाही माहीत नाही" असं विकणाऱ्याने सरळ सांगून दिलेला.

घरी आणून झाकण उघडायच्या आधी फ्यूज पाहिला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार! माणूस जगात कुठेही गेला तरी हे करतोच. अशी तार दिसली की समजावं, कुणीतरी लाल-काळ्या वायरी उलट जोडल्या होत्या. वायरी उलट लागल्या तर सगळा धक्का अंगावर घ्यायला संचात एक छोटा डायोड असतो. तो स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. माझ्या संचातला डायोड कोळसा होऊन बसला होता. त्याच्या जागी नवा लावला, खरा फ्यूज घातला.

मग आत पाहिलं. छापील सर्किटच्या पट्टीवर चौकोनी पत्र्याच्या टोपणात छोटी कॉइल असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध काळ्या फेराइटचा मळसूत्री गाभा असतो. तो खडूइतका ठिसूळ. फिरवायला प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण लोखंडाचा नुसता जवळ नेला तरी कॉइलचं माप बदलतं, आणि जोर लावला की गाभा तडकतो. माझ्या संचातले दोन गाभे तडकलेले होते, खाचा चुरडलेल्या. कुणीतरी 'पॉवर वाढवायला' लोखंडी स्क्रूड्रायव्हर फिरवला होता. आवाजाची मर्यादा सांभाळणारा ट्रान्झिस्टरही कापून काढलेला, का तर आवाज जास्त 'दमदार' व्हावा. मला हे पाहून वाईट वाटतं. ती मर्यादा असते ती शेजारच्या चॅनेलवर आपला आवाज सांडू नये म्हणून. ती काढली की तुमचा आवाज फाटतो आणि पलीकडच्या दोघांचं संभाषणही मोडतं.

एका मेलेल्या संचातून दोन कॉइल काढून बसवली, ट्रान्झिस्टरला जागेवर डाग दिला. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून सुकतात, ते सगळे बदलले. चॅनेलच्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते शंभरएक वेळा गरागरा फिरवलं. शेवटच्या टप्प्यातला पॉवर ट्रान्झिस्टर वाचला होता, हे नशीब. त्या काळातल्या अनेक संचांत २एससी१९६९ हा ट्रान्झिस्टर असतो. अस्सल माल आता बनत नाही आणि बाजारात नकली भरलेत. ही माझी जुना संच घेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: चकाकणारा पण आतून छेडलेला संच सोडा, धुळीने भरलेला पण हात न लागलेला घ्या. धूळ पुसता येते.

पहिली चाचणी अँटेनावर करायची नाही. ५० ओहमचा मोठा रेझिस्टर लावायचा, तो सगळी शक्ती उष्णतेत जिरवतो आणि हवेत जवळजवळ काहीच जात नाही. अँटेनाशिवाय खटका तर कधीच दाबू नये. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसऱ्या टोकाला झटका दिला तर लाट जाते आणि गजावर आपटून परत आपल्याच हाताकडे येते. अँटेना नसली किंवा मापाची नसली की शक्ती अशीच परत फिरते आणि पॉवर ट्रान्झिस्टर जाळते. ही परतीची लाट मोजणाऱ्या आकड्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. दीडच्या आत असेल तर निश्चिंत. तीनच्या पुढे गेला तर खटक्यावरून बोट काढा.

जास्त वॅट लावले तर लांब जाईल ना?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हिशेब निराश करणारा आहे. समोरच्याच्या संचावर ताकद दाखवणारा काटा असतो, त्यावर एस-१ ते एस-९ अशा खुणा. काटा एक खूण पुढे सरकायला शक्ती चौपट लागते. ४ चे १६ वॅट केले तर एक खूण, ६४ केले तर दोन. बेकायदा ॲम्प्लिफायर, तापणाऱ्या वायरी, शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून येणारा तुमचा आवाज, आणि मिळकत काय, तर दोन खुणा. अँटेना दहा फूट वर चढवली तर कितीतरी जास्त पदरात पडतं. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर होतो, म्हणून तेवढी उंच काठी हा सगळ्यांत सोपा आणि चांगला उपाय. गाडीवरच्या आखूड काठ्यांत खाली तार गुंडाळून लांबीची भरपाई केलेली असते, पण भरपाई ती भरपाईच.

मग हजार मैलांवरचा माणूस कसा ऐकू येतो?

कॅरममध्ये सोंगटी सरळ रेषेत नसली की आपण स्ट्रायकर समोरच्या कडेवर मारतो आणि रिबाउंडने घेतो. पृथ्वीच्या वर शंभर ते चारशे किलोमीटरवर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत, ते म्हणजे ही कड. एरवी २७ मेगाहर्ट्झची लहर त्यांतून आरपार निघून जाते. सूर्यावर डाग वाढले की वरचा थर दाट होतो आणि लहर खाली परतवतो; मग एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर. हे साधारण अकरा वर्षांच्या चक्राने येतं. सध्याच्या चक्राचा भर २०२४ मध्ये आला. त्याच वर्षी १० मेच्या रात्री मोठं सौरवादळ झालं आणि लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही तांबडा प्रकाश दिसला. तोच सूर्य, त्याचाच हा दुसरा परिणाम.

दुसरी एक वाट उन्हाळ्यातली. मे ते ऑगस्टमध्ये शंभरएक किलोमीटरवर अधूनमधून दाट ढगासारखे पट्टे तयार होतात, आणि अर्धा तास, तासभर दीड-दोन हजार किलोमीटरचा रस्ता उघडतो. तेव्हा गंमत अशी की टेक्सास स्पष्ट येतं आणि पन्नास मैलांवरचा माणूस येत नाही. रिबाउंड घेतलेला स्ट्रायकर मधल्या सोंगट्यांना शिवत नाही ना, तसंच. पूर्वी अमेरिकेत सीबीवर अडीचशे किलोमीटरच्या पुढे बोलायला बंदी होती; निसर्ग ती रोज मोडत होता. २०१७ मध्ये एफसीसीने ती अट काढून टाकली.

अशा रस्त्यावर एएमवाल्यांचे तंबोरे एकमेकांवर आपटतात आणि नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात. एसएसबीत वाहक लहरच नाही, त्यामुळे शिट्टी नाही, आणि बारीकसा आवाजही गर्दीतून उचलता येतो. म्हणून लांबच्या गप्पांवाले चॅनेल ३८ च्या खालच्या साइडबँडवर जमतात. ती अमेरिकेतली रूढी आहे, कायदा नाही. कायद्याने आणीबाणीसाठी राखलेलं चॅनेल आहे ९.

मोबाइल असताना हे कशाला?

फोनची तुलना इथे लागू पडत नाही, असं माझं मत आहे. फोनवर आपण ठरवून एकालाच गाठतो. सीबीवर खटका दाबून हाक मारली की जो असेल तो ओ देतो. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, बिल नाही. त्याची अँटेना, माझी अँटेना आणि मध्ये आकाश. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. गुप्तता अजिबात नाही, सगळं गाव ऐकतं. भाषा कधी कधी घाणेरडी असते. चॅनेल १९ नातवासमोर लावायचं म्हटलं तर मी विचार करतो. ३८ वर मात्र बहुतेक करून वयस्कर, सावकाश बोलणारी, एकमेकांना जागा देणारी माणसं भेटतात. ज्याला मणी लावायचा धीर नाही, तो तिथे टिकतच नाही.

हॅम रेडिओ तो हाच का?

नाही. हॅम म्हणजे परवानाधारक हौशींचा रेडिओ. त्याला परीक्षा आणि परवाना लागतो, स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं, बरेच पट्टे आणि जास्त शक्ती वापरता येते. सीबीला परीक्षा नाही, म्हणून मुभाही थोडी. दोन्हींमधली भिंत मात्र पातळ आहे. युनिडेनचा एचआर२५१० किंवा प्रेसिडेंट लिंकन हे हॅमच्या १० मीटर पट्ट्यासाठीचे संच सीबी जमवणाऱ्यांच्या कपाटातही सापडतात.

भारतात आणता येईल का?

आता बाकावरच्या परवान्याच्या विषयाकडे परत येतो. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून वायरलेस यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागत आला. पोस्टात जाऊन घरच्या रेडिओचं लायसन्स भरलेलं आमच्या पिढीला आठवत असेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही बाळगण्याचा मुद्दा आहेच. मात्र २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ५ वॅटपर्यंत आणि अँटेना यंत्रातच असेल तर, परवान्यातून मोकळा केला. कुणाला अडथळा करायचा नाही आणि आपल्याला अडथळा आला तर तक्रार करायची नाही, या अटीवर.

हे विचित्र आकडे कुठून आले? २७.१२ मेगाहर्ट्झ ही उद्योग आणि वैद्यकीय उपकरणांना जगभर दिलेली जागा आहे, आणि हा पट्टा म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं अंगण. गुडघ्याला शेक द्यायला फिजिओथेरपीत जे शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र लावतात, ते याच फ्रीक्वेन्सीवर चालतं. म्हणजे ज्या लहरीवर ओहायोचा ट्रकवाला बोलतो, तिच्याच शेजारच्या लहरीवर आमच्या कॉलनीतल्या आजींचे गुडघे शेकले जातात.

आता अमेरिकन संच या पट्ट्यात बसवून पाहा. चॅनेल २७ म्हणजे २७.२७५, आत बसतं. चॅनेल २८ म्हणजे २७.२८५, बाहेर. म्हणजे २८ पासून पुढची सगळी चॅनेल आपल्याकडे सवलतीबाहेर, आणि त्यात लाडकं ३८ गेलं. एसएसबीचे १२ वॅट ५ च्या वर गेले, छपरावरची अँटेनाही यंत्रातली नाही. शिवाय परदेशातून वायरलेस यंत्र आणायला दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची संमती लागते. सामानात गुंडाळून आणू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ज्याला इथे एसएसबीची गोडी घ्यायची आहे त्याने हॅमचा परवाना काढावा. अभ्यास महिन्या-दोन महिन्यांचा आहे आणि क्लॅरिफायर तिथेही आहेच. ट्रेकवाल्या मुलांना मी सांगितलं की त्यांच्या संचाचा पट्टा आणि मान्यतेचा शिक्का आधी तपासा. खोक्यावर ते नसेल तर वापरू नका.

माझा संच त्यामुळे ओहायोतच आहे. जून महिन्यातल्या एका सकाळी मी तो सुरू केला आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवला, कारण थंड संचाचा सूर सरकत राहतो, तंबोरासुद्धा बैठकीआधी खोलीत ठेवून द्यावा लागतो. नातू शेजारी स्टुलावर. ३८ वर खालच्या अंगाला बदकं बोलत होती. "आजोबा, हे इंग्लिश आहे का?" त्याने विचारलं. मी त्याचं बोट क्लॅरिफायरवर ठेवलं. त्याने खूप फिरवलं, आवाज घोगरा झाला. उलट फिरवलं, चिरका झाला. मग श्वास रोखून अगदी थोडं. टेक्सासमधले एक गृहस्थ त्यांच्या अंगणातल्या पीच झाडांना यंदा फळ कसं आलंय ते सांगत होते. नातवाने बटणावरचं बोट काढलं नाही, मीही काढायला सांगितलं नाही.